बाइंडरचा बिनगव्हाचा पाय

आदरणीय विहीणबाई,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण खाली गेलेली कंबर वर आणायला हल्ली माणूस लागतो आणि घरात माणूस नाही. तेव्हा खुर्चीत बसूनच दोन्ही हात जोडतो, ते मनापासूनचे समजून घ्यावेत. तुमचा गुडघा कसा आहे? जिने चढू नका असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तुम्ही डॉक्टरांनाच जिना कसा चढावा ते शिकवलंत, असं लेकीकडून कळलं. आपले चिरंजीव, म्हणजे आमचे जावई, खुशाल असतील. माझी तब्येत उत्तम. खोकला आहे, पण तो जुना आहे, आम्ही एकमेकांना ओळखतो. पत्र पाहून दचकू नका. फोनच करणार होतो, पण तुमचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून ‘बरं आहे, बरं आहे’ याखेरीज काही निघत नाही (इतकी वर्षं इस्पितळात मेट्रन राहिलेल्या बाईंशी बोलताना माणूस आपोआप जीभ बाहेर काढून दाखवायला लागतो). म्हणून लिहितो. काही मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेल्या रविवारची हकिगत लेकीच्या तोंडून अर्धीमुर्धी तुमच्यापर्यंत आली असेल. उरलेली माझ्याकडे आहे, ती तेवढी पोचवतो.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. भिंगरीला (शाळेत तिला दुसरं नाव आहे म्हणे, पण माझ्या तोंडी नातीचं हेच बसलंय) गहू बाधतो हे कळलं, तेव्हा तुम्ही एका दुपारीत तुमच्या घरातून गव्हाचा कण न् कण हद्दपार केलात. अंडी आणि शेंगदाणेही तिला बाधतात, ते त्याच दारानं गेले. पोरीच्या गालांवर पुन्हा मांस चढलं ते तुमच्यामुळे; हे मी तोंडानं कधी बोललो नाही, निदान कागदावर बोलतो. पण माझं घर पडलं बाइंडरचं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत मी, आणि दोन्हीकडे गहू. मैद्याची खळ हा आमच्या धंद्याचा प्राण. ती शिजवायची, पुठ्ठ्याला लावायची, पुस्तकाच्या पाठीला लावायची, अस्तराला लावायची. उभा जन्म लावून लावून ती टेबलाच्या फटीत, दाराच्या कडीला, माझ्या चष्म्याच्या काडीला, सगळीकडे जाऊन बसली आहे. घराची झडती घेतली तर दोन-चार पावांचं पीठ सहज निघेल. त्यामुळे वर्षभर भिंगरी माझ्याकडे येते ती पाहुण्यासारखी. लेक खुर्चीवर धुतलेला कपडा अंथरते, पिशवीतून डबा काढते, चमचा काढते, पाण्याची बाटलीसुद्धा घरचीच काढते. पोरगी खाते, मी समोर बसून बघतो, आणि अंधार पडायच्या आत दोघी परत. पूर्वी सुट्टी लागली की ती महिना-महिना इथं असायची. कागदाच्या पट्ट्या गळ्यात घालून दुकानभर हिंडायची, आलेल्या गिऱ्हाइकाला ‘आजोबा झोपलेत, उद्या या’ सांगून परस्पर कटवायची (मी तिच्या मागेच उभा असायचो). आता गिऱ्हाईक थेट आत येतं, कुणी अडवत नाही. विहीणबाई, दोन खोल्यांचं घर फार मोठं झालंय हो.

मागे तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तुम्ही तो भाजीचा पाय केला होतात. (हा इंग्रजी शब्द लिहिताना मला अजून अवघडल्यासारखं होतं, पण तुम्ही तोच वापरता, आणि तुमच्या शब्दाबाहेर आम्ही कोण जाणार?) खाली पिठाची पारी, वर पिठाचं झाकण, आत गाजर, मटार, बटाटा, कांदा, आणि सगळं ओव्हनमध्ये खरपूस भाजलेलं. भिंगरीनं दोन तुकडे खाल्ले आणि तिसऱ्याला हात घातला. मी मनात म्हटलं, यात आहे काय? खाली पुठ्ठा, वर पुठ्ठा, मध्ये मजकूर, कडा बंद. हे तर आपलंच काम! सुट्टीच्या आधी असा एक पाय करून घालावा, लेकीची खात्री पटवावी आणि पोरीला पूर्वीसारखी राहायला ठेवून घ्यावी, असा बेत मी तुमच्या टेबलावर बसल्या बसल्याच आखला. तुम्हाला कृती विचारायला हवी होती. विचारली नाही, कारण तुम्ही ती सांगितली असतीत आणि लगेच माझ्याकडून म्हणूनही घेतली असतीत.

घरी आल्यावर तांदळाचं पीठ, ज्वारीचं पीठ, बटाट्याचा स्टार्च, सगळी बंद पाकिटं आणली. ओव्हन नवा, लाटणं नवं, पातेली नवी. पहिला पाय ओव्हनमधून बाहेर येता येता ढासळला. गव्हाला जो मूळचा चिकटपणा असतो तो या बाकीच्या पिठांच्या वाटणीला आलेलाच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्या गावाची पुस्तकं बांधणारा मी, मला मूठभर पीठ बांधता येईना! वरच्या मजल्यावरचा शिंपी (माझा जुना शेजारी, जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींवर मत असलेला माणूस) चमच्यानं खाऊन म्हणाला की भाजी ठीक आहे, पण तिच्यावर वाळू कुणी ओतली? मग चौकशी केली तेव्हा समजलं की इसबगोल घातला की असलं पीठ धरून राहतं. औषधाच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी हळू आवाजात विचारलं, किती दिवस झाले त्रासाला? मी म्हटलं, त्रास मला नाही, पिठाला आहे. त्यांनी मान डोलावली आणि एक पाकीट जास्त दिलं.

प्रमाण काही ठाऊक नव्हतं. त्यात बाइंडरचा हात. चिकटवायचं म्हटलं की तो सढळच सुटतो. दुसरा पाय असा झाला की सुरी टेकवली तर ती परत वर यायची. शिंप्यानं मात्र त्याची तारीफ केली, चांगला चापून खाल्ला, उरलेला घरी नेला. दुसऱ्या दिवशी वरून शिलाईच्या यंत्राचा आवाज आला नाही. संडासाच्या दाराचा मात्र दिवसभर येत होता. त्यानंतर तो माझ्याशी बोलायचा तो जिन्यावरूनच.

तिसऱ्याला इसबगोल बेतानं घातला, तर भाजीला पाणी सुटून खालची पारी ओलीगच्च. आता पाणी काढायचं तर दाब हवा, आणि दाब म्हटला की माझ्याकडे शिकंजा आहेच (पुस्तकं दाबायचा आमचा लोखंडी शिकंजा, तुम्ही मागे त्याला ‘हे शस्त्रक्रियेचं टेबल का?’ म्हणाला होतात). शिजवलेली भाजी नव्या फडक्यात बांधली, खाली-वर ताट ठेवलं आणि चक्र आवळलं. भाजी कोरडी झाली, अगदी झकास. फक्त सुटलेलं पाणी कुठे जाईल याचा विचार राहिला. ते शेजारच्या शाळेच्या हजेरीपुस्तकांवर गेलं. मुख्याध्यापिका बाई ती न्यायला आल्या आणि नाक मुरडून म्हणाल्या की पहिलीच्या वर्गाला कांद्याचा वास का येतो? मी म्हटलं, मुलं डबे आणतात. पण चौथा पाय जमला, विहीणबाई! गोल काही माझ्या हातून होईना, म्हणून मी तो पुस्तकासारखा चौकोनी केला, कोपरे जिल्दीला दुमडतो तसे दुमडले आणि झाकणावर नखानं एक भिंगरी काढली. शिंपी एक पायरी खाली आला.

मग मी लेकीला फोन केला. पाकिटावरचं सगळं वाचून दाखवलं, भांडी नवी आहेत हे सांगितलं, दुकान बंद ठेवून टेबल, फरशा, कड्या, सगळं सोड्यानं घासतो असा शब्द दिला आणि खरोखर घासलं. ती म्हणाली, ‘बाबा, रविवारी येतो.’ त्या रात्री मी भिंगरीची चादर उन्हात घालायची आहे हे आठवून उगाच दोनदा उठलो. आणि शनिवारी एक मुलगी आली. डोळ्यांत पाणी, हातात प्रबंध, सोमवारी द्यायचा, सगळे बाइंडर नाही म्हणालेले. मला पोरीबाळींचं रडणं बघवत नाही हा माझा जुना रोग. वाटीभर खळ शिजवली, तिचं काम उरकलं, आणि उरलेली वाटी खिडकीत लांब ठेवून दिली. लांब ठेवली होती, हे मला नीट आठवतं.

रविवारी सकाळी पाय लाटला, भाजी भरली, झाकण घातलं. कडा चिकटवायला तांदळाची पातळ पेज करून ठेवली होती. ब्रश नवाच होता, तेवढी अक्कल शाबूत होती. पण कडा चिकटवायची म्हटल्यावर माझा हात जो उठला तो कोपऱ्यातल्या पेजेकडे न जाता सवयीनं खिडकीतल्या वाटीकडे गेला, आणि मी लेक आल्यावर काय काय बोलायचं ते मनाशी घोकत होतो. हातानं मला विचारलं नाही आणि मी हाताला विचारलं नाही.

दोघी आल्या. लेकीनं खुर्चीवर कपडा अंथरला, पण डबा पिशवीतून काढला नाही. मी पाय टेबलावर ठेवला, कापला, भिंगरीच्या ताटलीत वाढला. भिंगरीनं आपलं चित्र ओळखलं आणि टाळ्या वाजवल्या. लेकीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, ‘बाबा, कडा किती सुरेख बसल्यात. चमकतायत बघा.’ मी कौतुक ऐकायला कडेकडे बघितलं. पेज वाळली की निस्तेज दिसते हो. अशी लकाकी फक्त खळीला येते, ती मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? भिंगरीचा चमचा ताटलीतून निघाला होता. मी टेबलावरून झेप घेतली. कंबर आहे हेसुद्धा विसरलो. चमचा, ताटली, तिच्यातला तुकडा, सगळं भिंतीवर. पोरगी आधी हसली, तिला तो खेळ वाटला. मग तिनं आईचा चेहरा बघितला आणि ती रडायला लागली. घास तोंडात गेला नव्हता. लेकीनं तोंड उघडून बघितलं, मी बघितलं, परत लेकीनं बघितलं. (नेहमीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद, म्हणजे चक्क विष, टाकतो. ही घाईची होती, म्हणून राहिला होता. ते आठवलं की मला अजून घाम फुटतो.)

लेक रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पोरीचे हात धुतले, पिशवीतून डबा काढला, चमचा काढला. भिंगरी हुंदके देत देत तुमच्या हातचं जेवली. जाताना लेक म्हणाली, ‘बाबा, राहू द्या आता. तुम्हीच येत जा ना तिकडे.’ सुट्टीचा विषय मी काढणार होतो, तो काढलाच नाही. दोघी गेल्यावर शिंपी खाली आला आणि आम्ही उरलेला पाय खाल्ला. आजवरच्या सगळ्यांत हाच खरा जमला होता. पारी खुसखुशीत, भाजी कोरडी. शिंपी म्हणाला, दुकान काढ. मला एकदम रडूच आलं, आणि त्यानं ते इसबगोलावर ढकललं, एवढा तो चांगला माणूस आहे.

असो. पत्र वाचून झाल्यावर थोडं हसावं, गुडघ्याला तेल चोळून घ्यावं, आणि माझ्याविषयी जो काही लोभ असेल तो कमी होऊ देऊ नये.

आपला नम्र,
भिंगरीचा आईकडचा आजोबा

ता. क. — वर ‘काही मागत नाही’ असं लिहिलंय ते खोडत नाही; खोडलं की कागद खराब दिसतो. रविवारपासून मी रोज घर घासतोय. टेबलाची फट टोकरली तर खळ, उंबरा टोकरला तर खळ. हे घर माझ्या हयातीत साफ व्हायचं नाही. तेव्हा विचारायचं असं की तुमच्या गल्लीत एखादी खोली रिकामी आहे का? तुमच्या घरात राहायला येणार नाही, घाबरू नका. तुमच्या शिस्तीत मी आठवडाभरही टिकायचो नाही. लहान चालेल, अंधारी चालेल, फक्त तिथं पूर्वी कुणी बाइंडर राहिलेला नसावा. आधी तुम्ही तपासा, मग मी येतो. पुढची खोली शिंपी घेतोय. शिकंजा एका नव्या बाइंडर बाईंना देऊन टाकला. तो उचलायला चार माणसं लागली. मी मागच्या खोलीत जाऊन बसलो होतो.

आणखी एक. हे लेकीला इतक्यात सांगू नका. आपल्यामुळे बाबांनी धंदा सोडला म्हणून ती जिवाला लावून घेईल. तिला सांगा, म्हाताऱ्याला कामाचा कंटाळा आला. तुम्हाला मात्र खरं कारण सांगायला हवं, कारण तुम्ही ते काढून घेतल्याशिवाय सोडणार नाही. मी जेवायला बसावं, भिंगरीनं कुठून तरी धावत यावं, माझ्या ताटातला घास न विचारता उचलून तोंडात टाकावा आणि पळून जावं. आणि आपल्यापैकी कुणीही जागचं उठू नये.