दोन बोटांची पट्टी

प्रिय अप्पा,

बाहेरच्या खोलीत तुम्ही रविवारची झोप काढताय आणि मी आत बसून तुम्हालाच पत्र लिहितेय. हसाल तुम्ही. पण तोंडानं सांगायला आले की तुम्ही "जेवलीस का?" विचारता आणि माझं सगळं तिथंच राहून जातं. हा तिसरा कागद आहे. पहिल्या दोन्हींत मी नुसत्या माफ्या मागितल्या होत्या, म्हणून फाडले. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. पहिलीत असताना मी शाळेत शिकून येईन तेवढं रोज तुम्हाला शिकवायची, तेव्हा पाटीवर काढायची तसं. एखादं जोडाक्षर अडलं तर सोडून पुढे जा, पण शेवटपर्यंत वाचा.

आपल्या यार्डाच्या ऑफिसात, वर कंट्रोल रूममध्ये बसवलेल्या नव्या भिंतीबद्दल तुम्ही ऐकलंच असेल. नऊ मोठे पडदे एकमेकांना चिकटवून केलेला एकच पडदा. ती निवडायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं होतं, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आधी नीट होऊ दे, मग सांगू, असं ठरवलं होतं. तुम्हाला माहीत आहे माझं, गॅस बंद केलाय की नाही हे तीनदा बघितल्याशिवाय मी दाराबाहेर पडत नाही. तसंच केलं मी. प्रत्येक ऑपरेटरच्या खुर्चीत बसून खुर्ची ते भिंत अंतर मोजलं. दुपारचं ऊन खिडकीतून कुठे पडतं ते टिपलं. एक पडदा बिघडला तर बाकीचे न उतरवता बदलता येतो का, रात्रंदिवस चालू राहिला तर तापतो का, सगळं विचारलं. खरेदीतल्या बाई मला मोजपट्टी म्हणायला लागल्या. "आमची मोजपट्टी आली, आता पोटं आत घ्या," असं भर ऑफिसात म्हणतात.

तीन विक्रेते आले. तिघांनीही फुलपाखरं आणि धबधबे दाखवले. मी म्हटलं, आमच्याकडे फुलपाखरं येत नाहीत, ट्रक येतात, आमचं यार्ड दाखवा. तिथं मी स्वतःवर फार खूश झाले होते. पातळ कडांचे पडदे महाग होते. जाड कडांचे आमच्या हिशेबात बसत होते, पण दोन पडदे जुळतात तिथं दोन बोटं रुंद काळी पट्टी दिसायची आणि यार्डातली पांढरी रेघ तिथं तुटल्यासारखी वाटायची. बघून ऑपरेटरला गरगरायला लागलं. मग विक्रेत्याच्या माणसानं एक सेटिंग बदललं. चित्र जणू पट्टीच्या मागून पुढे जातं, खिडकीच्या गजांमधून बाहेर बघावं तसं. रेघ सरळ झाली. सगळे वा म्हणाले. मीही म्हटलं, आणि शिफारशीवर सही केली. गजाआड जेवढं जातं तेवढं दिसत नाही, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा.

आता एक कबुली देते. नोकरीला लागल्यापासून मी रोज त्या स्क्रीनवर तुम्हाला शोधते. जुन्या छोट्या स्क्रीनवर तुम्ही तिसऱ्या खांबाजवळ तांदळाच्या दाण्याएवढे दिसायचात, नारिंगी जाकीट घातलेले, हात हलवून ट्रक मागे घेणारे. दिसलात की माझा दिवस सुरू व्हायचा. बुधवारी भिंत चाचणीसाठी बसली. बुधवारी, गुरुवारी इतकी गडबड होती की बघायला सवडच मिळाली नाही. शुक्रवारी सकाळी बघितलं तर तुम्ही नव्हतात. खांब होता, ट्रक होता, तुम्ही नाही. मला वाटलं, चक्कर आली की काय. जिन्याच्या खिडकीशी पळत गेले तर तुम्ही जागेवरच होतात, ड्रायव्हरवर ओरडत. परत आत आले, भिंतीवर नाही. तुमची वीस वर्षांची जागा बरोबर त्या दोन बोटांच्या मागे गेली होती.

त्या संध्याकाळी तुमचा तळहात सोललेला होता. तुम्ही म्हणालात, पायरीवर घसरलो. शनिवारी मी ऑपरेटरला आडून विचारलं. तो म्हणाला, "अहो, मी भिंतीवर बघून ड्रायव्हरला वॉकीटॉकीवर सांगितलं मागे मोकळं आहे, आणि तो नारिंगी जाकीटवाला म्हातारा कुठून उगवला देव जाणे. वेळेवर उडी मारली म्हणून वाचला." अप्पा, मी तिथंच उभी होते. तो म्हातारा माझा कोण, हे मी सांगितलं नाही.

मग मी काय केलं ते ऐका. ऑपरेटर चहाला गेला तेव्हा चित्र वीतभर डावीकडे सरकवलं. तुम्ही दिसायला लागलात. जिवात जीव आला. पण तेवढ्यात वजनकाट्यावरचे काका त्यांच्या टपरीतून बाहेर पडले आणि चालता चालता पट्टीत नाहीसे झाले. त्यांच्या लेकीनं कुठल्या खिडकीतून बघायचं? मी चित्र जागेवर नेलं. ऑपरेटर परत आल्यावर त्याच्या हातापाया पडून प्रत्येक पडद्यावर वेगळ्या कॅमेऱ्याचं वेगळं चित्र लावून घेतलं, म्हणजे कुणीच पट्टीआड जाणार नाही. साहेब रजेवर होते म्हणून त्यानं ऐकलं. "सोमवारी साहेबांना त्यांचं मोठं चित्र लागेल, तेव्हा मला मध्ये ओढू नका," एवढं म्हणाला.

उद्या सोमवार. अकराला साहेब पाहुण्यांना घेऊन भिंत दाखवायला येणार आणि माझ्या शिफारशीवर शेवटची सही होणार. माझ्या कायम होण्याचा कागदही त्याच फायलीत आहे. माझी निवड चुकली, पातळ कडांचे पडदे घ्या, तोवर वेगवेगळी चित्रं ठेवा, हे मला सगळ्यांसमोर सांगायचंय. ते विचारतील, इतक्या मोठ्या यार्डात एक माणूस नाही हे तुला कळलं कसं? तिथं येऊन मी अडते. पहिल्या दिवशी तुम्ही मला बजावलंत, आत ओळख दाखवू नकोस, वशिल्यानं लागली म्हणतील. मी सात महिने पाळलं. एके दिवशी गेटवर माझी छत्री पडली, तुम्ही उचलून दिलीत आणि म्हणालात, "घ्या मॅडम." मी छत्री घेतली आणि चालू लागले. तुम्ही जागा सांभाळलीत, मी नोकरी.

हे पत्र तुमच्या जाकिटाच्या आतल्या खिशात, चष्म्याशेजारी ठेवतेय. उद्या अकराला यार्डातले ट्रक दहा मिनिटं बंद राहतील, तेवढं मी गेटवर सांगून ठेवलंय. तुम्ही तुमच्याच जागी उभे राहा, तिसऱ्या खांबाजवळ. मी मोठं चित्र लावेन आणि साहेबांना विचारेन, यार्डात माणसं किती? ते मोजतील. मग तुम्ही डावीकडे दोन पावलं टाका. कुणीतरी विचारेलच, हा कोण? मी सांगेन, हे माझे अप्पा. तुम्हाला नको असेल तर पत्र माझ्या टेबलावर परत ठेवा, मी रागावणार नाही. वर दुसऱ्या कुणाला तरी बोलायला लावेन आणि त्या जागी मी स्वतः येऊन उभी राहीन. पण तुम्ही आलात तर बरं. दोनच पावलं, अप्पा. आणि जाकीट तेच घाला.

तुमचीच,
मास्तरीण