चौघांचं टेबल

डुलुथ, मिनेसोटा
सोमवार, १२ फेब्रुवारी

प्रिय मॅरेनताई,

कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? इथं तळं अजून घट्ट गोठलेलं आहे. वेन्डेलनं बर्फावर मासेमारीची खोपटी मांडली आहे आणि एब्बा शनिवार-रविवार तिथंच असते.

आमचा घटस्फोट शांतपणे चालला आहे. टेबलाशी चौघं बसतो, वेन्डेल, मी आणि दोघांचे वकील. माझी वकील डोरीन दरवेळी लिंबाच्या वड्या करून आणते. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी सह्या केल्या: काही लपवायचं नाही, कोर्टात जायचं नाही. कुणी गेलंच, तर दोन्ही वकील बाजूला होणार आणि आम्ही परक्यांच्या हाती. तुझ्या घटस्फोटाच्या वेळी तुझ्या निल्सला न्यायाधीशांनी खोलीत बोलावून विचारलं होतं ना, कुणाकडे राहणार म्हणून? नऊ वर्षांचं पोर. ते एब्बाच्या वाट्याला नको, म्हणून मी सही केली.

ताई, मला भीती वाटते.

तीन आठवड्यांपूर्वी गाडीत एब्बा म्हणाली, "आई, मला बाबांकडे राहायचंय. तू सांगशील त्यांना? मला नाही जमणार."

मी "ठीक आहे" म्हणाले. आपल्याकडची माणसं घर जळत असलं तरी ठीक आहे म्हणतील. त्या गुरुवारी टेबलाशी डोरीननं विचारलं, एब्बाचं काय म्हणणं? मी म्हटलं, माझ्याकडे राहायला खूश आहे. वेन्डेलनं मान खाली घातली, भांडला नाही. त्यालाही ठीक आहे म्हणायची खोड.

गेल्या गुरुवारी जिन्यात डोरीनपाशी मला रडू फुटलं आणि सगळं बाहेर पडलं. मला वाटलं, माझी वकील आहे, माझीच बाजू घेईल. ती तिथंच पायरीवर बसली.

"मी त्याला एक शब्द सांगणार नाही," ती म्हणाली. "पण तू लपवत असशील तर मी त्या टेबलाशी बसणार नाही. येत्या गुरुवारी तू सांग, नाहीतर मी उठते."

ती उठली की सगळंच मोडलं. सांगितलं तर लेक जाते, न सांगावं तर कोर्ट. इकडे आड तिकडे विहीर. चार दिवस मी हाच हिशेब करत बसले होते आणि खरी गोष्ट तुलाही अजून सांगितलेली नाही.

एब्बा रोज विचारत होती, "बाबा काय म्हणाले?" मी रोज सांगत होते, विचार करतायत. काल खोपटीवर निघताना तिनं बूट काढून ठेवले. म्हणाली, "राहू दे. त्यांना नकोय मी."

अकरा वर्षांची आहे गं.

आणि तरीही मी तिला खरं सांगितलं नाही. तोंड उघडलं, आणि दूध गरम करून दिलं.

फोन मुद्दामच केला नाही. तू समजूत काढली असतीस आणि मी पुन्हा ढेपाळले असते. हे पत्र तुला मिळेल तोवर गुरुवार होऊन गेलेला असेल. आज शाळा सुटली की आधी तिला सांगणार आहे, मग गुरुवारी त्या टेबलाशी.

तुझ्याकडे निजायला एक खोली असू दे. यावेळी मी एकटीच येईन.

तुझी,
सिग्ने