थोरल्या चिंचेवरचं धाकटं

तळेकाठ, जून १९९८

ती. माहालाझादादास,
सुआवेलुचा वाकून नमस्कार.

दादा, तळ्याकाठच्या थोरल्या चिंचेवर मत्स्यगरुडीनं यंदा दोन अंडी घातलीत! आमच्या ह्यांनी शेजारच्या झाडावरून पाहिलं. पण थोरलं पिल्लू धाकट्याला टोचून मारतं, दरवर्षीचंच. धाकटं वेळीच खाली आणून वाढवलं तर जगतं, असं इथे आलेले पक्ष्यांचे अभ्यासक सांगतात. साऱ्या बेटावर हे गरुड मोजकेच उरलेत. काका मात्र अडून बसलेत. पूर्वजांच्या झाडावर चढायचं नाही म्हणजे नाही! वर मलाच ऐकवलं, की गरुडीला दोन-दोन नवरे मासे आणून घालतात, त्यांना जमेना ते तुला जमणार होय?

ते तुझंच ऐकतात. लौकर लिही. वहिनीला नमस्कार.
तुझी,
सुआवेलु

मुरुंदाव, जुलै १९९८

चि. सुआवेलुस अनेक आशीर्वाद.

दोन नवऱ्यांची सोय तुझ्या वहिनीला फारच पसंत पडली. असली बातमी पुन्हा कळवू नकोस!

काकांशी भांडू नकोस. त्या बंदीमुळेच चिंच होडीसाठी तुटली नाही. माझ्या वतीनं एवढंच विचार, की झाड राखलं आणि वरचं लेकरू मेलं, तर पूर्वजांना काय तोंड दाखवायचं? सोबत रमची बाटली पाठवतोय. बुंध्याशी ओतून पूर्वजांची परवानगी काकांनीच मागावी. आधी चाखू मात्र देऊ नकोस.

माया असू दे.
तुझा दादा,
माहालाझा

तळेकाठ, ऑक्टोबर १९९८

ती. दादास साष्टांग नमस्कार.

कसं सांगू! काकांनी रम ओतली, डोळे मिटले, आणि वरून माशाचं डोकं थेट त्यांच्या टोपीवर पडलं! आम्ही हसू दाबून उभे. काका गंभीरपणे म्हणाले, पूर्वजांनी होकार दिला.

अंडी फुटून पिल्लं निघताच आमचे हे दोर लावून चढले. धाकट्याला खाली आणलं तेव्हा त्याचं डोकं रक्तबंबाळ झालं होतं, मान टाकलेली. माणसाची सवय लागू नये म्हणून मी पडद्याआड बसून, हाताला गरुडाच्या तोंडासारखं कापड गुंडाळून माशाचे तुकडे भरवायची. पहिला घास गिळला तेव्हा मी रडलेच.

काल त्याला फांदीवर सोडलं. पहिल्याच झेपेत ते लव्हाळ्यात कोसळलं. तिथे मगरी! कोणी हलायच्या आत काका लुंगीसकट पाण्यात, शिव्या देत, पण त्याला छातीशी धरून बाहेर. अंग वाळताच ते उठलं आणि तळ्यापार गेलं. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी आनंदानं ओरडले. काका मात्र ओल्या अंगानं काठावर तसेच उभे. म्हणाले, मेल्यानं जेवून तरी जायचं!

आमच्यावर जीव आहेच तुझा; तसाच असू दे.
तुझी,
सुआवेलु