दोन अंगणांमधली भिंत आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, निवृत्त परिचारिका, पंचाहत्तरी ओलांडलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरात, खिडकीपाशी बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही. गोड बोलून गुंडाळायचा प्रयत्न थोरल्याने केला, पण तो माझाच मुलगा, त्याचे सगळे डाव मला पाठ आहेत. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायचा विचार करायला सवड झाली नाही.

लिहिताना मी सारखी उठते आहे. त्यामुळे अक्षर मध्येच बदललेलं दिसेल, त्यावरून माझ्या तब्येतीबद्दल कोर्टात शंका काढू नये. फाटकासमोर पुन्हा कोणीतरी गाडी लावली आहे आणि माझं निम्मं लक्ष तिकडे आहे.

कलम १. राहतं घर, तळमजला आणि वरचा मजला, थोरल्याला. तो वर राहतो, गळणारे नळ त्यालाच माहीत आहेत. अंगणही त्यालाच, पण त्याच्या अटी पुढे वेगळ्या लिहिते आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक थोरला आणि लेक, दोघांना निम्मी निम्मी. दागिने लेकीला. सुया उकळायचा स्टीलचा डबाही तिलाच. लहानपणी तो दिसला की पलंगाखाली लपायची, आता मागते आहे. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणूनही मी तिलाच नेमते. ती परगावी असली तरी कागद वाचल्याशिवाय सही करत नाही, आणि हा गुण थोरल्यात नाही.

कलम ३. माझी सायकल बेकरीच्या पाववाल्याला. याचं कारण लिहायला हवं, नाहीतर लोक भलतेच तर्क करतील.

नोकरी सुटल्यावरही मी घरोघर इंजेक्शनं द्यायला याच सायकलवर जात असे. तेव्हा रस्त्याच्या कडेला सायकलला जागा होती. मग तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या आणि सायकल रस्त्याच्या मधोमध आली. उभ्या गाडीजवळून जावं तर कधी दार उघडेल नेम नाही, लांबून जावं तर मागचा हॉर्न वाजवून जीव खातो. मी सायकल सोडून पायी फिरू लागले. तोवर गाड्या फुटपाथवर चढल्या होत्या. माणसाने जावं कुठून, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी मी आणि माझी नणंद औषधं आणायला निघालो होतो. वन्संचं घर आमच्याला लागूनच आहे. फुटपाथ गाड्यांनी भरलेला, म्हणून दोघी रस्त्याच्या कडेने, एकीमागे एक. समोरून पाववाला सायकलवर येत होता. एका उभ्या गाडीचं दार फाडकन उघडलं. दार चुकवायला त्याने सायकल वळवली ती वन्संवर. त्यांच्या कमरेचं हाड मोडलं. पाववाला रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसून राहिला, त्याचा पाव सगळा चाकांखाली गेला. दार उघडणाऱ्या गृहस्थांनी ते पुन्हा लावून घेतलं आणि ते शेजारच्या दवाखान्यात दात साफ करायला गेले. गल्लीत अजून पाववाल्याच्याच नावाने खडे फोडतात. त्याच्या सायकलचं पुढचं चाक तेव्हापासून डुगडुगतं. माझी सायकल चांगली आहे, ती त्याने घ्यावी.

कलम ४. वरील दवाखान्याचे दंतवैद्य यांना माझ्याकडून काहीही नाही. रोग्यांच्या गाड्या फुटपाथवर लावू देऊ नका म्हणून सांगितलं तर म्हणाले, "आजी, मी दात बघतो, गाड्या नाही." माणूस वाईट नाही. पण राग आला आहे तो आला आहे.

कलम ५. अंगण. थोरल्याला पुढची भिंत पाडून अंगणात गाडी ठेवायची आहे. वर पत्रा टाकायचा, तो वन्संच्या बाजूच्या भिंतीवर टेकवायचा, सगळं ठरलंय. मला म्हणतो, "आई, गाडी आत घेतली की फुटपाथ आपोआप मोकळा. तुलाच चालायला बरं." मला पटलंही होतं. पण दंतवैद्यांनी नेमकं हेच केलं. स्वतःची गाडी आत चढवायला फुटपाथवर सिमेंटचा उतार घातला. गाडी आत गेली, आणि त्याच दिवशी मोकळ्या जागेवर दुसऱ्याची येऊन उभी राहिली. फुटपाथ मोकळा झाला नाही, नुसता तिरका झाला. वन्सं आता चाकाच्या खुर्चीत आहेत. त्या उतारावर खुर्ची कलंडते. सबब, अंगणात कधीही, कोणाचीही, कितीही छोटी गाडी येऊ नये.

(उठले होते. फाटकासमोरची गाडी गेली म्हणून वन्संना हाक मारली, "निघा, निघा, वाट झाली!" त्या खुर्ची वळवून फाटकाशी येईपर्यंत दुसरी येऊन लागली. आत बसलेल्या बाईंना म्हटलं, अहो, जरा सरका. त्या म्हणाल्या, "पाचच मिनिटं, काकू." अंगाचा तिळपापड झाला आहे.)

कलम ६. हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या आणि वन्संच्या अंगणात जी भिंत आहे ती माझ्या यजमानांनी, बहिणीला वडिलांच्या जागेत वाटा द्यावा लागला त्या रागात, स्वतःच्या हद्दीत बांधली. यजमान गेले, राग विझला, भिंत राहिली. एरवी बिघडलं नव्हतं, फाटकातून फाटकात ये-जा होती. आता फुटपाथवर गाड्या आणि रस्त्यावर जायची त्यांना भीती. थोरल्याने एकदा त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. "वहिनी, मी काय सिमेंटची गोणी आहे?" म्हणाल्या, त्यानंतर आल्या नाहीत. मी दोन गाड्यांच्या फटीतून आडवी होऊन जात असे, पण आता गुडघा वळत नाही. भिंतीवरून नुसता आवाज येतो. मला त्यांचं तोंड बघायचं आहे, भांडायला तरी.

तरी माझ्या मृत्यूनंतर ही भिंत पाडावी. ज्यांना रस्त्यावर उतरायची भीती वाटते त्या सगळ्यांनी माझ्या फाटकातून आत यावं, वन्संच्या फाटकातून बाहेर पडावं. सायकल हातात धरून आणावी. थोरल्याने हे मोडलं तर घर लेकीकडे जाईल. जिवंतपणी हा विषय काढत नाही, घरात रोजची कटकट नको.

इथवर लिहून मी कलम ६ खिडकीतून मोठ्याने वन्संना वाचून दाखवलं. वाटलं, खूश होतील. पलीकडून आवाज आला, "झालं वाचून?"

"झालं."

"म्हणजे तू मेल्यावर मी तुझ्याकडे यायचं? कोणाशी बोलू गं, तुझ्या फोटोशी?"

मी म्हटलं, "अहो, थोरला घर डोक्यावर घेईल."

"घेऊ दे की. आईचं घर आईचा मुलगाच डोक्यावर घेणार. मी तुझ्याहून थोरली आहे, वहिनी. मला ते तुझं नंतरचं काही नको." आणि मग त्या रडल्या. हाड मोडलं तेव्हाही रडल्या नव्हत्या.

मी पेन खाली ठेवलं आणि गवंड्याला फोन केला.

कलम ६ रद्द. रद्द करायचं कारण: भिंत उरली नाही. कलम ५ कायम, आणि घर लेकीकडे जायची अट आता त्याला लागू.

दुसऱ्या दिवशी थोरला घरी आला तेव्हा विटांचा ढीग पडला होता. "आई, हे काय? आणि माझी गाडी?" म्हटलं, "गाडीचं तू बघ, तुझी आहे." दोन दिवस ताट वर नेऊन जेवला. आता गाडी चौकापलीकडच्या भाड्याच्या वाहनतळावर लावतो आणि चालत येतो. काल चिडूनच आला, रस्त्यावर उतरावं लागलं आणि एक रिक्षा अंगाला घासून गेली म्हणून. मी काही बोलले नाही. हे माझ्या स्वभावाला धरून नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

बाहेरच्या गाड्या आहेत तिथेच आहेत. त्यांच्यावर माझी मालकी नसल्यामुळे त्यांची व्यवस्था मला लावता येत नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, तो माझा आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही करत आहे. या कागदातून ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं लेकीने फोनवर बजावलं आहे.

(सही)
मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: शेजारचे दंतवैद्य. काही मिळत नाही, कलम ४ पाहावं. त्यांनी ते पाहिलं, आणि सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: माझी नणंद. कलम ६ रद्द झाल्यामुळे त्यांनाही काही मिळत नाही. सही करायला त्या स्वतः खुर्ची ढकलत आल्या.

तारीख: शनिवार, भिंत पडली त्या आठवड्यातला.

ठिकाण: अंगण. कोणाचं, ते आता सांगता येत नाही.