पैनगंगेच्या अलीकडे

माय, तुझी नात परदेशी जायचं म्हणते आहे. तू तिला पाहिलं नाहीस. ती झाली तेव्हा तुला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिकडच्या एका प्रयोगशाळेत तिला जागा मिळाली आहे, काम तेच जे मी आयुष्यभर केलं, फक्त यंत्रं माझ्यापेक्षा चांगली. परवानगी तिला नकोच आहे, माझ्याइतकीच हट्टी आहे ती; पण मी एकदा तोंडानं 'जा' म्हणावं, एवढं तिला हवं आहे. तिचे बाबा गेल्यापासून आदिलाबादच्या या घरात आम्ही दोघीच. काही ना काही निमित्त काढून मी विषय टाळते आहे. बाहेर नव्या राज्याचे फटाके वाजून गेले, रंगारी कचेरीच्या पाटीवरचं जुनं नाव खरवडत होता, आणि मला राहून राहून आठवतं ते त्याआधी राज्य बदललं तेव्हाचं, तू मला जाऊ दिलं नाहीस तो दिवस.

थोरल्या चुलतदादाच्या वेळी शाळेत उर्दू होती. निजाम गेला आणि माझ्या वाट्याला मराठी आली. मग राज्यं नव्यानं आखली गेली, आपला जैनथकडचा भाग तेलुगू राज्यात राहिला, आणि शाळेत तेलुगू येणार हे नक्की झालं. उन्हाळ्यात पैनगंगेचं पाणी गुडघ्याएवढं झालं की आपल्याकडची मंडळी लेकरांना पलीकडे, मराठी मुलखात, मामाच्या नाहीतर आत्याच्या गावी शिकायला नेऊन घालायची. त्या वर्षी घरोघरी तेच चाललं होतं. दोन्ही काकवा तर बिऱ्हाड उचलून कायमच्या गेल्या. माझाही मामा न्यायला आला. मी अंगणात उभी आहे, हातात कपड्यांचं गाठोडं आहे, बाबा दुकान टाकून निरोपाला आले आहेत, आणि तू उंबऱ्यात येऊन म्हणतेस, "मी नाई धाडत पोरीले." मामा म्हणतो, "अवो बाई, काऊन? सगळं ठरलं होतं ना?" तू अंगणात उतरतेस. माझ्या हातातलं गाठोडं घेतेस आणि आत जातेस. मामा न जेवता गेला. तू जेवायला हाक मारलीस तेव्हा मी गोठ्यात बसून रडत होते आणि तू मेलीस तरी चालेल असं म्हणत होते, अगदी याच शब्दांत.

पुढे मी तेलुगूतून शिकले. पहिली दोन वर्षं वर्गात माझी जी फजिती व्हायची ती तुला सांगितली नाही, कारण तुझ्याशी बोलायचंच नाही असं मी ठरवलं होतं. ते काही टिकलं नाही. तुझ्याशी न बोलता तुझ्या घरात राहणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. चुलीशी बसून तू गावभरच्या गोष्टी सांगायचीस, नकला करायचीस, आणि मला हसू फुटायचं. तेलुगू चांगली आली म्हणून शिष्यवृत्तीचा वजीफा मिळाला, हैदराबादला गेले, भौतिकशास्त्र घेतलं, पुढे प्रयोगशाळेत लागले. मग मी मनाशी एक कहाणी रचली, की माझ्या आईला पुढचं दिसत होतं. राहायचं त्या राज्याची भाषा शिकली तरच पोरगी वर येईल, हे तिनं ओळखलं होतं. माझ्या एका सत्कारात मी ते व्यासपीठावरून सांगितलंही. लोकांचे डोळे पाणावले.

मग ती सुट्टीतली सकाळ. तू भाकरी थापते आहेस, तव्याशेजारी अंबाडीची भाजी रटरटते आहे. तू विचारलंस, "तू तिथं करून काय राह्यली, ते तं सांग." मी सांगू लागले. जड अणूच्या मधल्या केंद्रकाला आम्ही धडक देतो. ते उसळतं, गरगर फिरतं, आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी जास्तीची ऊर्जा किरणांतून टाकून शांत होतं. पण काही केंद्रकं खाली येता येता मध्येच थांबतात. त्यांना आयसोमर म्हणतात. आम्ही मारा बंद करतो, पहिली धांदल ओसरू देतो, आणि मग या थांबलेल्यांचे उशिरा निघणारे किरण टिपत बसतो. आतले कण जोड्या मोडून कसे फिरतात, केंद्रक गोल आहे की लांबट, हे त्या उशिराच्या किरणांवरून कळतं. हाफ्नियम नावाच्या धातूत तर केंद्रकांची अशी एक जात आहे की त्यातली निम्मी खाली यायला तीस वर्षं लागतात.

"तीस साल? रुसून बसलं का मंग ते?" तू हसलीस. "काऊन नाही उतरत?"

मी म्हटलं, "उतराची ताकद हाये त्याच्यात. पण उतराचं तं फिराची तऱ्हाच एकदम बदलावी लागते. ते सहज होत नाही, म्हून थांबते."

तू भाकर उलटलीस. मग तव्याकडे बघतच म्हणालीस, "मी तुले पल्याड धाडलं नाही. शाळा-बिळा काई मनात नोतं मह्या. तुह्या काकवा गेल्या, शेजारीन गेली. तुहा बाप दिवसभर गिऱ्हाइकाशी तेलुगू बोले, अन् घरी आला का मुका. तू बी गेली असती तं मी बोलू कोनाशी?"

मी पुढ्यातली भाकर खाल्ली आणि उठले. एवढंसं कारण! माझी सत्कारातली कहाणी तर गेलीच, पण तुझं एकटेपण भागवायला माझी ती वर्षं वापरली गेली, याचा मला संताप आला. तो संताप तुझ्यामागेही बरीच वर्षं राहिला. आता माझं वय तुझ्या तेव्हाच्या वयापुढे गेलं आहे. संध्याकाळी लेकीची गाडी फाटकाशी वाजली की, दिवसभर तिचीच वाट पाहत होते हे कळू नये म्हणून, मी उगाच मोठ्यानं भांडी लावायला घेते, आणि मला कळतं की ते कारण एवढंसं नव्हतं.

आज सकाळी ती चहा घेऊन आली. "आई, आज त्यांना कळवायचं आहे."

"मग कळव की. जा तू."

"करमेल ना तुला?"

"न करमायला काय झालं? उलट जरा शांतता मिळेल घरात."

ती हसली, मला बिलगली आणि आतल्या खोलीत गेली. कळवायला बसली असेल. दार नुसतं लोटलेलं आहे. कोणालाही दाखवता न येणारं हे पत्र मी त्या दारासमोर बसून लिहिते आहे, माय, आणि तिनं उठून यावं, 'नाही जात' म्हणावं, याची वाट बघते आहे.