सात खळग्यांचं आप्पेपात्र

न्हावरे, ता. शिरूर
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास,
धाकट्या रतनचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं क्षेम आहे. महिनाभर तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहायला बसले. फोन केला असता, पण मागच्या खेपेला मी तुझ्या खोकल्याचं विचारलं आणि तू मला पुण्याच्या गाडीची वेळ सांगितलीस. लोको शेडनं तुझे कान नेले ते नेलेच. आपलं कागदावरच बरं चालतं.

आनंदाची बातमी आहे. आमच्या सूनबाईला, अपेक्षाला, पाचवा महिना लागला. दोन वर्षांपूर्वी काय झालं ते तुला ठाऊक आहे, म्हणून चार महिने मी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. सत्यजीत तर बायकोला पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाही. तुझे दाजी वरून काही दाखवत नाहीत, पण रोज सकाळी गोठ्यातून पहिल्या धारेचं दूध स्वतः आणून देतात.

आता कामाचं. पोरीच्या तोंडाला चव नाही. काय खावंसं वाटतं म्हणून विचारलं तर म्हणाली की आत्याबाई, आप्पे, पण लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तुम्ही केले होते तसले, कडेनं खरपूस. मी नॉनस्टिकमध्ये करून बघितले. तिनं दोन खाल्ले आणि माझ्या समाधानासाठी तिसरा खाल्ला. आईचं बिडाचं पात्र वहिनींनी नेलं ते तुझ्याकडेच राहिलं. वहिनी गेल्यावर मागायला जीभ रेटली नाही, पण आता मागते. येत्या १९ तारखेला रविवारी सत्यजीत ट्रॅक्टरच्या सामानासाठी दौंडला येणार आहे, त्याच्याजवळ दे.

कळावे. लोभ आहेच, तो पात्र पाठवून वाढवावा.

तुझी,
रतन

*

दौंड
११ जानेवारी २०२५

चि. सौ. रतन हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव सुपाएवढा झाला. अपेक्षाला माझे आशीर्वाद सांग. तुझी वहिनी जाई असती तर आजच बाळंतविड्याच्या मागे लागली असती.

पात्र मात्र सापडत नाही. माळ्यावर पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. आपण नवं घेऊ, मी स्वतः पाहून घेईन. शिवाय १८ ते २२ मी खुटबावला असणार, माझ्याबरोबर शेडमध्ये असलेल्या ईश्वरच्या मुलीचं लग्न आहे. तेव्हा सत्यजीतला माझ्याकडे उगाच हेलपाटा नको.

माझ्या खोकल्याची चिंता करू नकोस. मला आता मोठा उद्योग लागला आहे. पंक्चरवाल्यांकडे गाडीच्या चाकाला बॅलन्ससाठी मारलेली जुनी वजनं पडून असतात, ती मी गोळा करतो. कुठं जुन्या केबलवरचं शिशाचं आवरण मिळतं. अंगणात शेगडी पेटवायची, लोखंडी कढईत शिसं वितळवायचं. जस्ताची वजनं लवकर वितळत नाहीत, ती वर तरंगतात, ती काढून टाकायची. वर काळी साय धरते ती पळीनं बाजूला घ्यायची आणि खालचं लखलखीत शिसं साच्यात ओतायचं. साचा आधी तापवावा लागतो, थेंबभर पाणी राहिलं तरी शिसं फटाक्यासारखं उडतं. गार झालं की साचा पालथा करून एक टिचकी मारायची. लगडी पटापट बाहेर पडतात, खाली गोल, वर सपाट, हातात घेतल्या की सोडवत नाहीत. तोंडाला पंचा बांधतो, उगाच ओरडू नकोस.

भीमेवरचा भिमाजी त्या लगडी नेतो आणि जाळ्याच्या कडेला लावायचे मणी करतो. तो म्हणतो की नाना, तुमच्या शिशानं जाळं कसं सरळ तळाला बसतंय. रिटायर झाल्यापासून माझ्या कामाचं कौतुक पहिल्यांदाच कुणी केलं. पहाटे उठायला कारण मिळालं, रतन.

कळावे. दाजींना नमस्कार. या बहिऱ्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नकोस, संक्रांतीचा तिळगूळ पोस्टानं धाड.

तुझा दादा,
पोपट

*

न्हावरे
२० जानेवारी २०२५

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

कानांमागोमाग डोळेही गेले की काय तुझे? माळ्यावर आणि पलंगाखाली शोधत बसलास आणि पात्र अंगणात नळापाशी पालथं घातलेलं! काल सत्यजीत दौंडला गेलाच होता, म्हणून सहज तुझ्या घरावरून आला. शेजारची करुणा दारातच होती. त्यानं विचारल्यावर ती म्हणाली की ह्ये काय हितंच हाय की, नाना कायतरी करीत असत्यात त्यात. बिचारीनं राखेनं आणि काथ्यानं घासूनही दिलं. आतून असं चकाकतंय की आईच्या हातातसुद्धा कधी इतकं चकाकलं नसेल. तू आप्पे करून खातोस आणि मला पत्ता लागू देत नाहीस होय!

गुरुवारी २३ तारखेला दुपारी चारला आप्पे करणार आहे. बुधवारी तांदूळ-डाळ भिजत घालीन. अपेक्षा आजपासूनच दिवस मोजते आहे. तू खुटबावहून बुधवारी परत येशील, तर गुरुवारी इकडेच ये. गरम गरम खाशील आणि नातसुनेला, चुकले, भाचेसुनेला भेटशील. मी आजी होणार या आनंदात नातीच विसरायला लागले.

तिळगूळ सोबत आहे. कळावे. राग नाही, लोभच आहे.

तुझी,
रतन

*

न्हावरे
२४ जानेवारी २०२५

दादास,
सा. न. वि. वि.

काल जे झालं त्यावर मी रात्रभर विचार केला आणि मला उत्तर सापडलं नाही, म्हणून लिहिते.

तू आलास तेव्हा मला वाटलं, आला माझा भाऊ, आप्प्यांच्या वासावर आला. तू चपलाही काढल्या नाहीस. दाजी उठून उभे राहिले, त्यांच्याकडे पाहिलं नाहीस. सरळ चुलीपाशी गेलास, उपरण्यात धरून तापलेलं पात्र उचललंस आणि दुसरा घाणा मोरीत ओतलास. पहिल्या घाण्याचे सहा आप्पे ताटात होते, ते अपेक्षाच्या पुढ्यातून उचलून पिशवीत टाकलेस. पोरीनं नुकती चटणी वाढून घेतली होती. मी ओरडून विचारलं की दादा, हे काय. तू म्हणालास की आईची आठवण आहे, ती माझ्याकडेच राहील. मग पाणीसुद्धा न घेता फाट्याकडे चालू लागलास.

आईची आठवण मलाही आहे. पात्र हवं होतं तर शब्दानं सांगायचंस, मी परत धाडलं असतं. पोटुशी बाईच्या ताटातलं उचलून नेणारा माझा भाऊ नव्हे. अपेक्षा रडली नाही, उलट मलाच समजावत राहिली. त्यानं मला जास्त लागलं. सत्यजीत म्हणतो, आता मामांच्या दारात जायचं न्हाई. मी त्याला गप्प केलं, पण मनातून मलाही तसंच वाटलं.

कळावे. लोभाचं या खेपेला लिहीत नाही.

रतन

*

दौंड
२७ जानेवारी २०२५, सकाळी

चि. रतन,

आशीर्वाद वगैरे नंतर. हे पत्र करुणा फोटो काढून सत्यजीतच्या मोबाईलवर पाठवते आहे. मिळाल्याबरोबर वाच आणि लगेच उत्तर दे.

तू लिहिलंस की ताटात सहा आप्पे होते. मी न मोजताच पिशवीत टाकले आणि घरी येऊन खड्ड्यात पुरले. पण पात्राला खळगे सात आहेत. सातवा आप्पा कुणी खाल्ला? अपेक्षानं खाल्ला का?

त्या पात्रात मी दीड वर्ष शिसं ओततोय. माझा साचा तोच. शिसं म्हणजे विष आणि पोटातल्या बाळाला तर फारच वाईट. बीड सच्छिद्र असतं, कितीही घासलं तरी ते जात नाही. करुणानं घासलं म्हणूनच ते तुला चांदीसारखं दिसलं. तिचा काही दोष नाही, तिला काय ठाऊक. गुरुवारी सकाळी खुटबावहून आलो, दाराखाली तुझं पत्र पडलेलं, नळापाशी पात्र नाही. करुणानं सत्यजीतला फोन लावला, तो लागेना. मग मी एस.टी. स्टँडवर पळालो.

तू विचारलंस तेव्हा खरं बोलायला हवं होतं. पण समोर ती पोर चटणी घेऊन बसलेली. जन्मभर लोको शेडमध्ये फिटर असलेल्या माणसानं तिच्या डोहाळ्यांत विष कालवलं, हे तिच्यासमोर मला बोलवलं नाही. आईचं नाव घेऊन खोटं बोललो आणि पळून आलो. आधी पात्र सापडत नाही म्हणालो तेही खोटंच. तेव्हाच खरं लिहिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

जाई गेल्यावर एकदा त्यात आप्पे करून पाहिले होते. पार कोळसा झाला. मग पात्र खिळ्याला टांगून ठेवलं. या घरात आता कोण शिजवणार, असं वाटलं, आणि एके दिवशी त्यातच शिसं ओतलं. काम इतकं सुबक झालं की मी खूश झालो. तुझी वस्तू आहे हे डोक्यातच आलं नाही. आपल्या घरात पुन्हा कुणाला डोहाळे लागतील हेही डोक्यात आलं नाही. मी सगळं संपलं असं धरून चाललो होतो, रतन.

कुणी खाल्ला असेल तर आत्ता शिरूरला डॉक्टरांकडे घेऊन जा आणि शिसं पोटात गेलंय असं स्पष्ट सांगा. मी करुणाच्या ओट्यावर तिचा मोबाईल समोर ठेवून बसलोय.

दादा

*

न्हावरे
२७ जानेवारी २०२५, दुपारी

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच आणि मग ओट्यावरून ऊठ. अपेक्षानं खाल्ला नाही. कुणीच खाल्ला नाही. कसं ते शेवटी सांगते, आधी माझं बोलणं ऐकून घे.

आईचं पात्र गेलं याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण चार दिवस माझा भाऊ हावरट झाला असं मी मनात धरून बसले होते, त्यापुढे पात्राचं काहीच नाही. तुझं पत्र सत्यजीतनं मोठ्यानं वाचून दाखवलं. अर्ध्यातच त्यानं मोबाईल अपेक्षाच्या हातात दिला, पुढचं तिनं वाचलं. आता तो गाडी काढून तुला आणायला निघालाय. दोन कपडे पिशवीत भर आणि मुकाट्यानं ये. ती पिशवी नवी असू दे.

आता तुझ्या भाचेसुनेचा हुकूम. लग्नाआधी ती रांजणगावला कंपनीत होती, तिथं शिशाचं काम करणाऱ्यांचं रक्त दर सहा महिन्यांनी तपासत. तिनं बजावलंय की मामांचं रक्त उद्याच शिरूरला तपासायचं, रिपोर्ट बघितल्याशिवाय ती तुझ्याशी बोलायची नाही. शेगडी बंद, कढई बंद. करुणाची लेकरं त्याच अंगणात खेळतात, त्यांचंही रक्त तपासून घ्यायला ती करुणाला फोन करून सांगणार आहे. भिमाजीला बाजारातून तयार मणी आणू दे. पहाटे उठायला कारण हवं असेल तर दाजींबरोबर गोठ्यात जा. आमच्या म्हशीला तुझं बहिरेपण चालेल, ती तरी कुठं ऐकते.

आता सातव्याचं. पहिल्या घाण्यातला पहिला मी वाटीत घालून आईच्या फोटोपुढं नैवेद्याला ठेवला होता. तू गेल्यावर दिवेलागणीला अपेक्षा म्हणाली की आत्याबाई, निदान तो प्रसादाचा तरी द्या, जीव लई ओढ घेतोय. वाटी उचललीही होती तिनं. मी तिच्या हातातून वाटी काढून घेतली. म्हणाले, माझा भाऊ येऊन माफी मागेपर्यंत या घरात आप्प्याला कुणी तोंड लावायचं नाही. पोरीचे डोळे भरले. मला दिसलं, पण मी हटले नाही आणि तो आप्पा चुलीत टाकला. चार रात्री मला त्याचीच टोचणी होती, पोटुशी सुनेचा घास तोडला म्हणून.

मघाशी पत्र वाचून झाल्यावर अपेक्षा उठली आणि माझ्या गळ्यात पडली. दादा, एवढी तुझ्यावर रागावले म्हणून आज माझं नातवंड धड आहे.

तुझी,
रतन