वळणाऱ्या स्क्रीनचा कॅमेरा

प्रिय पल्लवी,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. पाकीट न फोडता फेकून देण्याइतकी तू निर्दयी नाहीस, हे मला शाळेपासून माहीत आहे. आणि हो, पुन्हा माझ्यासमोर कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाही, अशी तंबी तू मला दिली होतीस. मी ती मोडणार आहे. खुशाल रागाव. त्या निमित्ताने तरी बोलशील.

परवा बाबांना घेऊन अकोल्याला गेले होते, डीएसएलआर घ्यायला. हस! मोबाइलवरच्या प्रत्येक फोटोत जिचं स्वतःचं बोट येतं, ती निता कॅमेरा घ्यायला निघाली. दुकानदाराने सगळ्यात स्वस्त नवीन मॉडेल पुढे ठेवलं आणि मेगापिक्सेलचं पुराण लावलं. नवशिक्याने मेगापिक्सेलच्या नादी लागू नये, चार पैसे लेन्ससाठी राखावेत, हे तू कधीतरी सांगितलेलं मला आठवलं. तेच त्याला ऐकवलं. बिचारा मला जाणकार समजला.

मी म्हटलं, मला हलका कॅमेरा हवा, आणि मागची स्क्रीन बाहेर काढून वळवता आली पाहिजे. स्वस्तातल्या मॉडेलला तशी स्क्रीन नव्हती. ज्याला होती, तो नवा घेणं आपल्या खिशाबाहेरचं. मग सेकंडहँड बघायला लागलो, तसे बाबा पुढे सरसावले. "ट्रॅक्टर किती चालला थे मीटर पाहून समजते. याचं मीटर कुठी हाय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुकानदार म्हणाला, काका बरोबर बोलतात, किती फोटो काढले तो आकडा काढता येतो. पहिला कॅमेरा निघाला लग्नाच्या ऑर्डरींवर चांगलाच घासलेला. दुसरा एका हौशी डॉक्टरीणबाईंचा, जेमतेम वापरलेला. बाबांनी जो धरला तो पिशवीत पडेपर्यंत सोडला नाही.

दुकानदाराने एक उणीव प्रामाणिकपणे सांगितली. स्क्रीनवर बघून फोटो काढला तर फोकस जरा सावकाश लागतो, त्यापेक्षा डोळ्याला लावून काढा. तेव्हा मला बोलावंच लागलं. गेल्या वर्षी लग्नाच्या फोटोंची ऑर्डर करून मालेगावला घरी परतताना तुझी गाडी घसरली, तेव्हापासून तू व्हीलचेअरवर आहेस, हे सांगितलं. तुझा कॅमेरा विकल्यावर तू मला म्हणाली होतीस, "आता मले लोकायच्या पाठीच दिसतात." तेव्हा मी, पल्लवे, नुसती रडले होते तुझ्याबरोबर. पण हा कॅमेरा डोक्यावर उंच धर, नाहीतर मांडीवर ठेव, स्क्रीन तुझ्याकडे वळते. मी दुकानातल्या स्टुलावर बसून करून बघितलं. गर्दीच्या पाठीपलीकडचे चेहरे दिसले.

आता खरी गोष्ट. माझं लग्न ठरलंय. हे मेसेजमध्ये लिहायला मन होईना. मुलगा मंगरूळपीरचा, विनोद नाव. बोलतो कमी, हसतो भरपूर, तुला आवडेल. हळद आमच्या इंझोरीच्या अंगणात आहे. फोटोवाल्यासाठी बाबांनी बाजूला ठेवलेले पैसे तुझ्या कॅमेऱ्यात गेले, त्यामुळे दुसरा फोटोवाला सांगितलेला नाही, सांगणारही नाही. हे पत्र आणि कॅमेरा घेऊन बाबाच आलेत, त्यांना चहा दे. तुझी खुर्ची सरळ आत यावी म्हणून त्यांनी आमच्या पायऱ्यांवर फळ्या ठोकून ठेवल्यात. फोटो हलू देत, अर्धे काळे येऊ देत, मला चालतील. मला तू हवी आहेस गं. नाहीच आलीस, तर माझ्या हळदीचा एकही फोटो नसेल, आणि पुढे माझी लेकरं विचारतील तेव्हा मी त्यांना तुझंच नाव सांगेन.

तुझीच, फोटोत हमखास डोळे मिटणारी,
निता